दहा बोये, नऊ चुंबकं

बर्फावरून परत येऊन अडीच महिने झाले तरी लिहायला बसवत नव्हतं. आम्ही परतलो होतो, मोहीम मात्र तिकडेच चालू होती. नॉर्वेच्या उत्तरेकडल्या बॅरेंट्स समुद्रातल्या बर्फाच्या लाद्यांवर दहा लहान डबे ठेवून आलो होतो आणि ते दिवसरात्र काही ना काही कळवत होते. त्यातला शेवटचा गेल्या मंगळवारी गप्प झाला. आता लिहिते.

हे डबे म्हणजे तरंगते बोये. बंदराच्या तोंडाशी साखळीने बांधलेला मोठा लाल बोया बहुतेकांनी पाहिलेला असतो. आमचे बोये कशालाच बांधलेले नव्हते. जेवणाच्या डब्याएवढी प्लॅस्टिकची पेटी, आत लिथियमचे सेल, जीपीएस, मोबाइलमध्ये असतो तसला हालचाल मोजणारा सेन्सर आणि उपग्रहाकडे निरोप धाडणारा मोडेम. पेटी लादीवर ठेवायची आणि निघून यायचं. वारा आणि प्रवाह लादीला नेतील तिकडे पेटी जाते, खालून लाट गेली की लादीबरोबर वरखाली होते आणि हे सगळं कळवत राहते. बर्फ कुठे चाललाय आणि लाट बर्फात किती आतवर पोचतेय, या दोन प्रश्नांसाठी आमची अकरा दिवसांची खटपट होती.

माझं काम एरवी संगणकापुढचं. बोयांनी पाठवलेले आकडे मी सहा वर्षं बघतेय. बोया ठेवायला जायची ही पहिलीच वेळ.

पहिला दिवस : लाँगइयरब्येन

नॉर्वेतल्या ट्रोम्सोला पासपोर्टवर शिक्का पडला, कारण स्वालबार्ड हा द्वीपसमूह नॉर्वेचा असला तरी शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या प्रदेशाच्या, बाहेर आहे. व्हिसावर जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा असेल तर स्वालबार्डला जाता येईल, पण परतताना ट्रोम्सोला अडकाल. किमान दोन प्रवेशांचा व्हिसा घ्या.

स्वालबार्डमधलं लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. १९०६ साली कोळशाच्या खाणीसाठी वसलेलं हे गाव. खाणकामगारांच्या बुटांची काजळी घरात येऊ नये म्हणून दारात बूट काढायची पद्धत पडली, ती हॉटेलात आणि संग्रहालयात अजून पाळतात. मोजे चांगले न्या, दिवसभर लोकांपुढे त्यांवरच वावरायचं असतं. एप्रिलचा शेवटचा आठवडा सुरू होत होता, म्हणजे सूर्य मावळायचा बंद होऊन दोनतीन दिवस झाले होते. रात्री साडेअकराला समोरचा डोंगर पिवळ्या उन्हात होता आणि मला झोप येईना.

आमच्याबरोबर येणाऱ्या अस्वलरक्षक बाईंची भेट संध्याकाळी झाली. पन्नाशीच्या पुढच्या, बोलणं मोजकं, हातांची कातडी दोरखंडासारखी. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलाला पळवून लावायची साधनं जवळ असणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. त्यांच्याकडे रायफल होती आणि आवाजाचे बार काढणारं पिस्तूल. त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं, "अस्वल दिसलं की अस्वलाकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं. मी म्हणेन तेव्हा निघायचं, हातातलं काम अर्धं असलं तरी." हे शेवटचं वाक्य मला पुढे फार आठवलं.

दुसरा आणि तिसरा दिवस : दक्षिणेला, मग पूर्वेला

ईसफ्योर्डच्या खाडीतून बाहेर पडून किनाऱ्याने खाली, सोरकाप हे दक्षिण टोक वळून होपेन बेटाच्या दिशेने. सोरकापला समुद्र खवळलेला होता. मळमळ थांबवायची गोळी जहाज हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, दोन तास आधी घ्या.

या दोन दिवसांत डेकवर बोयांची चाचणी झाली. बोये बांधणारा इंजिनिअर बरोबर होता. त्याने एकेक पेटी हातात धरून सावकाश वरखाली केली, घड्याळाकडे बघत, दहा सेकंदांत एक फेरी, वीस मिनिटं. मग उपग्रहावरून आलेला निरोप उघडून बघायचा की पेटीला लाट दहा सेकंदांचीच वाटली ना. दहा पेट्या म्हणजे दोनशे मिनिटं, उणे नऊ तापमानात. मी त्यातल्या चार केल्या आणि मग माझे खांदे भरून आले. पण आजवर ज्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत आले ते कसे येतात हे हातांना तेव्हा कळलं.

पेटीच्या आतला सेन्सर लाटेची उंची थेट मोजत नाही. वरखाली होतानाचं त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतोय, तेवढं कळतं. वीस मिनिटांच्या नोंदीवरून किती सेकंदांच्या लाटेत किती जोर आहे याचा हिशेब पेटी स्वतःच करते, कारण इरिडियमच्या उपग्रहांना एका खेपेला ३४० बाइटचाच निरोप देता येतो. सगळी कच्ची नोंद पाठवायची म्हटली तर सेल आठवडाभरही टिकणार नाहीत. त्वरणावरून उंची काढताना आकड्याला वारंवारतेच्या चौथ्या घाताने भागावं लागतं, म्हणून लांब, संथ लाटांमध्ये सेन्सरची बारीकशी चूकही प्रचंड फुगते. सगळी कला तिथे लागते.

असली यंत्रं पूर्वी इतकी महाग होती की एका मोहिमेत दोनतीनच परवडायची. नॉर्वेच्या हवामान संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली असा एक बोया सगळ्या आराखड्यांसह आणि प्रोग्रॅमसह खुला केला. सुट्या भागांचा खर्च साडेसहाशे डॉलरच्या आसपास. तेव्हापासून दहा बोये ठेवणं शक्य झालं, आणि लाट कशी विरत जाते हे बघायला दहा लागतातच.

पेटी सुरू करायची पद्धत साधी आहे. झाकणावर एक छोटं चुंबक पिवळ्या टेपने चिकटवलेलं असतं. ते आहे तोवर आतला स्विच बंद. टेप ओढून चुंबक काढलं की पेटी जागी होते. बटण नाही, म्हणजे पाणी शिरायला भोकही नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री जहाज एकाएकी शांत झालं. दोन दिवस कपाट धरून कपडे घातलेले, त्यामुळे सवयीने कपाट धरलं आणि ते हललंच नाही. आम्ही बर्फात शिरलो होतो. वर डेकवर गेले. आधी पाण्यावर ग्रीस आइस लागला, गोठायला लागलेल्या बर्फकणांची राखाडी साय. तिच्यावर वाऱ्याच्या बारीक लहरी उठत नाहीत, पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत दिसतं. पुढे पॅनकेक, म्हणजे हातभर रुंद गोल चकत्या, एकमेकींवर आपटून कडा वर वळलेल्या. प्रत्येक चकती शेजारणीला घासत होती आणि हजारो चकत्यांचा मिळून एक ओला, कुजबुजता आवाज येत होता. त्यांच्याखालून स्वेल, म्हणजे दुरून आलेली लांब लाट, जात होती. अख्खं पांढरं मैदान सावकाश वर येई आणि सावकाश खाली जाई. लहान लाटा बर्फाने केव्हाच गिळल्या होत्या, लांबच तेवढ्या उरल्या होत्या. आलेखात हे मी शेकड्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांपुढे बघताना घसा दाटला.

चौथा दिवस : दहा लाद्या

बर्फाच्या कडेपासून आत साठ किलोमीटर, लाटेच्या दिशेने एक रेघ, तिच्यावर दहा बोये. कडेजवळ तीनचार किलोमीटरवर एक आणि आत जाईल तसं अंतर वाढवत, कारण लाट कडेजवळच भराभर मरते.

एका बोयाचं काम असं. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, दुर्बिणीने लादी हेरायची. जहाज हळूच टेकवायचं. क्रेनला लावलेल्या पिंजऱ्यातून आम्ही तिघी उतरायचो, अस्वलरक्षक, एक विद्यार्थिनी आणि मी. अंगात तरंगणारा सूट. लोखंडी टोकाच्या काठीने दर पावलाआधी बर्फ ठोकायचा. भरीव आवाज आला तरच पाऊल. मधोमध पोचलं की हाताच्या गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजायची. बर्फ साधारण ऐंशी सेंटीमीटर, कुठे सव्वा मीटर. वरचा बर्फाचा भुसा फावड्याने काढून पेटी सपाट बसवायची, उंचवट्यावर कधीच नाही, कारण लाद्या आदळल्या की उंचवटे आधी कोसळतात. शेजारी बांबूला लाल निशाण. शेवटी टेप ओढायची, चुंबक खिशात टाकायचं आणि झाकणाखालचा हिरवा दिवा लुकलुकायची वाट बघायची. एका लादीला चाळीस मिनिटं.

हातमोज्यांबद्दल एक सांगते. आत पातळ लोकरीचे, वर बोटं नसलेले जाड, आणि वरचे दोरीने गळ्यात अडकवलेले हवेत. मी दुकानातले महागडे पाच बोटांचे नेले होते. दुसऱ्या लादीनंतर अस्वलरक्षक बाईंनी काही न बोलता स्वतःची जादा जोडी माझ्या गळ्यात घातली.

सहाव्या लादीवर निशाण रोवून झालं होतं. मी गुडघ्यावर बसून पेटीभोवती बर्फ दाबत होते. मागून आवाज आला, "आता." बस एवढाच, चढा नव्हे. मी अस्वलाकडे बघितलं नाही. त्यांच्याकडे बघितलं, त्या पिंजऱ्याकडे हात करत होत्या. आम्ही उठलो आणि निघालो. वर डेकवर आल्यावर दिसलं, चारेकशे मीटरवर, पिवळसर, डोकं खाली घालून आमच्याच वाऱ्याने येत होतं. निशाणाभोवती एक चक्कर मारली, हुंगलं आणि पन्नास मिनिटांनी आपल्या वाटेने गेलं. आम्ही रेलिंगला गप्प उभे होतो. त्याच्या घरात आम्ही आलो होतो.

पुढच्या चार लाद्या भराभर झाल्या. दहावी झाली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, ऊन होतंच. स्वयंपाक्याने आमच्यासाठी कॉड माशाचं सूप गरम ठेवलं होतं. ते प्याले आणि खिशातली चुंबकं काढून टेबलाच्या लोखंडी कडेवर एकेक लावायला लागले. टक, टक, टक.

नऊ.

दुसरे खिसे बघितले. सूट उलटा केला. विद्यार्थिनीने पिंजऱ्याची फळी बॅटरीने तपासली. मग मला गुडघ्यावर बसलेली मी आठवले, आणि तो आवाज, आणि झाकणावरची पिवळी टेप तशीच असलेली. सहा नंबरचा बोया लादीवर होता, झोपलेला. चूक सर्वस्वी माझी होती. मी इंजिनिअरला उठवलं आणि सांगितलं.

पाचवा दिवस : धुक्यात

मुका बोया शोधायचा कसा? लादी एका जागी राहत नाही. ठेवला ती जागा ठाऊक होती, पण सकाळी सहापर्यंत अकरा तास उलटून गेले असते. त्यातून सहा नंबर रेघेच्या बरोबर मधला. तो नसेल तर बाहेरची लाट आणि आतली लाट यांच्यामध्ये मोठं भगदाड पडणार होतं.

विद्यार्थिनी म्हणाली, "शेजाऱ्यांना विचारू या."

शेजारी म्हणजे पाच नंबर आणि सात नंबर. दोघे जागे होते, दर अर्ध्या तासाला ठावठिकाणा देत होते. आम्ही नकाशावर त्यांच्या रात्रीच्या वाटा काढल्या. पाच नंबर पश्चिम-नैऋत्येला पावणेआठ किलोमीटर गेला होता, आणि मध्ये भरती-ओहोटीच्या प्रवाहाने त्याच्या वाटेला एक आकडीसारखं वळण पडलं होतं. सात नंबर उशिरा ठेवला होता, त्याची सुरुवातीची नोंद नव्हती. ती जागा जुन्या अंदाजाने भरली. मोकळा बर्फ वाऱ्याच्या साधारण दोन टक्के वेगाने सरकतो आणि उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे वळतो. ईशान्येचा वारा सेकंदाला नऊ मीटर, म्हणजे बर्फ ताशी साडेसहाशे मीटर, नैऋत्येच्या थोडा उजवीकडे. अकरा तासांचे सात किलोमीटर. तीन वेगळे हिशेब, आणि तिन्ही बोटं नकाशावर एका किलोमीटरच्या आत टेकली.

कप्तान नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले. "दोन तास देतो," ते म्हणाले.

तिथे पोचलो तर दाट धुकं. जहाज इंजिन मंद करून उभं राहिलं. असल्या धुक्यात कोणालाही खाली उतरवणार नाही, असं अस्वलरक्षक बाईंनी स्पष्ट सांगितलं, आणि ते योग्यच होतं. दोन तासांतला पाऊण तास तसाच गेला. आम्ही ब्रिजवर पाचजण काचेला नाक लावून.

त्या वेळात विद्यार्थिनीने नान्सेन या नॉर्वेच्या ध्रुवीय संशोधकाची गोष्ट सांगितली. मला ती अर्धवटच ठाऊक होती. जनेट नावाचं अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्यातल्या वस्तू थेट ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ एका लादीवर सापडल्या. त्यात मेणकापडाची एक विजार होती, तिच्यावर नोरोस या खलाशाचं नाव. बर्फ ध्रुवीय समुद्र ओलांडून जातो हे त्या विजारीने दाखवलं. नान्सेनने त्यावरून पैज लावावी तसं स्वतःचं जहाज, फ्राम, १८९३ मध्ये मुद्दाम बर्फात अडकवलं आणि १८९६ ला ते दुसऱ्या बाजूने बाहेर पडलं. बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे सरकतो हे त्याच प्रवासात त्याने टिपलं आणि एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने पुढे त्याचं गणित मांडलं. १९७९ पासून आर्क्टिकवर बोयांचं जाळं सतत ठेवलं जातंय. "आज आपण त्याच गणितावर उभे आहोत," ती म्हणाली, आणि पुन्हा काचेला नाक लावलं.

धुकं वर उचललं गेलं ते पडदा वर जावा तसं, आधी पायथा दिसला. अस्वलरक्षक बाईंची दुर्बीण डावीकडे थांबली. "लाल," त्या म्हणाल्या.

आमच्या खुणेपासून साडेसहाशे मीटरवर. लादीच्या एका कोपऱ्याला अस्वलाच्या पावलांचे ठसे होते, माझ्या दोन्ही तळहातांएवढे, आत निळसर सावली. मी गुडघ्यावर बसले, टेपचं टोक नखाने सोडवलं आणि ओढलं. हिरवा दिवा लुकलुकला. चुंबक मुठीत घट्ट धरून वर आले आणि टेबलाच्या कडेला लावलं. दहावं. ते अजून माझ्याकडे आहे.

कोणी असं काम करणार असेल तर एक करा. प्रत्येक चुंबकावर बोयाचा नंबर लिहा आणि जहाजावर परत आल्या आल्या ते यादीवर ठेवा, खिशात साठवू नका. आता आमच्या गटात हा नियम आहे.

सहावा आणि सातवा दिवस

शनिवारी नॉर्वेच्या जहाजांवर जेवायला तांदळाची दाट खीर असते, वर साखर, दालचिनी आणि मधोमध लोण्याचा गोळा. दोन दिवस समुद्राचं तापमान आणि खारटपणा मोजण्यात गेले, त्यात सांगण्यासारखं फार नाही. संध्याकाळी मात्र सगळे बोयांच्या वाटा बघायला गोळा व्हायचे, स्वयंपाकीसुद्धा. होपेनच्या दक्षिणेला उथळ पठार आहे, तिथे भरतीचे प्रवाह जोरदार. त्यामुळे बोये साधारण साडेबारा तासांना एक वेटोळं घालत पुढे सरकत होते. पडद्यावर दहा वेटोळ्या माळा. स्वयंपाकी म्हणाला, "माझ्या आजीच्या विणकामासारखं दिसतंय." त्याने आठ नंबर आपला म्हणून निवडला आणि रोज त्याची चौकशी करायला लागला.

सातव्या दिवशी हवामानाचा नकाशा आला. नॉर्वेजियन समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, आमच्या दिशेने. कप्तानांनी लगेच ठरवलं, सोरकाप वळून होर्नसुंद या खाडीच्या आडोशाला जायचं. माणसांनी निघायचं होतं. बोये जिथे होते तिथेच राहणार होते, आणि त्यांना ठेवलं होतं ते याच रात्रीसाठी. वादळात जहाज बर्फाच्या कडेला थांबू शकत नाही. उपग्रह वरून जातो तेवढ्या क्षणाचं चित्र घेतो.

आठवा आणि नववा दिवस : होर्नसुंद

होर्नसुंदच्या उत्तर काठावर पोलंडचं संशोधन केंद्र आहे, १९५७ पासूनचं. त्याचे दिवे लांबून दिसले. नांगर टाकला. वारा डोंगरावरून शिट्ट्या घालत होता, पाणी त्या मानाने शांत.

पहाटे चारला माझी नजर एका आकड्यावर थांबली. एक नंबरच्या बोयावर चौदा सेकंदांची लाट, उंची अकरा सेंटीमीटर. दहा नंबरवर, साठ किलोमीटर आत, तीच लाट दोन सेंटीमीटर. चौदा सेकंदांच्या लाटेची लांबी तीनशे मीटर असते. तीनशे मीटर लांब आणि दोन सेंटीमीटर उंच. त्या लादीवर उभं राहणाऱ्याला काहीही जाणवलं नसतं. पेटीला जाणवलं. तिथे अजून वाराही नव्हता.

खोल समुद्रात लांब लाटा पुढे धावतात, आखूड मागून येतात. चौदा सेकंदांच्या लाटांचा जोर ताशी एकोणचाळीस किलोमीटरने येतो, दहा सेकंदांच्यांचा अठ्ठावीसने. दहा सेकंदांच्या लाटा बोयांवर दुपारी दोनला पोचल्या. दहा तासांचा फरक, म्हणजे त्या सुमारे हजार किलोमीटरवरून निघाल्या असणार. मी नकाशा उघडून नैऋत्येला हजार किलोमीटर मोजले. आदल्या दिवशी वादळाचं केंद्र तिथेच होतं. मी उठून इंजिनिअरच्या दारावर थाप मारली. दोघं बराच वेळ त्या नकाशाकडे बघत बसलो.

रात्री वादळ बर्फावर पोचलं. एक नंबरवर लाट चार मीटरच्या वर गेली. आत मात्र दहा नंबर पाच सेंटीमीटरवरच होता, बर्फ लाटेला अडवत होता. अकरानंतर तीन तासांत दहा नंबर पाचवरून सत्तर सेंटीमीटरवर गेला, आणि आठ सेकंदांच्या आखूड लाटाही त्याच्यापर्यंत पोचायला लागल्या. मधल्या लाद्या फुटल्या होत्या. लाट मोठ्या लादीला वाकवत नाही तोवर लादी तिला अडवते, एकदा लादी वाकून तडकली की तुकड्यांमधून लाट आत घुसते आणि पुढची लादी फोडते. २०१० च्या मे महिन्यात याच समुद्रात लान्स या जहाजावरच्या लोकांनी हे प्रत्यक्ष पाहिलं होतं, काही तासांत चार मीटरच्या लाटा थेट बर्फात शिरल्या होत्या. आणि २०१२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बोयांनी दाखवलं की तीन मीटरहून मोठ्या लाटा बर्फात शेकडो किलोमीटर जाऊ शकतात, आधीच्या सूत्रांना वाटत होतं त्याहून कितीतरी आत. बर्फ फुटला की लवकर वितळतो. उघडं पाणी वाढलं की लाटा वाढतात. बर्फाचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे चक्र अजून नीट बसलेलं नाही, आणि ते बसवायला असल्या रात्रींच्या नोंदी लागतात.

फूट कुठून सुरू झाली ते सहा नंबरने सांगितलं. त्याच्यावरची उडी दहा नंबरच्या बरोबर दीड तास आधी होती. सकाळी आठ नंबर बंद पडलेला दिसला. स्वयंपाक्याला मीच सांगितलं. त्याने पातेलं खाली ठेवलं आणि विचारलं, "किती मीटर होती?" मी म्हटलं, "त्याच्यापाशी दीड." त्याने मान हलवली.

अकरावा दिवस आणि नंतर

लाँगइयरब्येनला सकाळी लागलो, दुपारचं विमान होतं. अस्वलरक्षक बाईंना त्यांचे हातमोजे परत द्यायला गेले तर त्यांनी घेतले नाहीत.

बोयांचं पुढे असं झालं. तीन बोये मेअखेर गप्प झाले, बहुतेक चिरडले गेले. सहा नंबर जूनच्या तीन तारखेपर्यंत बोलला. दोन नंबरची लाट एके दिवशी शून्यावर आली आणि ठिकाण दोनतीन मीटरच्या पलीकडे हलेना. होपेनच्या किनाऱ्याला लागला होता. पेटीवर नॉर्वेजियन, रशियन आणि इंग्रजीत लिहिलंय की हे निरुपद्रवी शास्त्रीय उपकरण आहे. तरीही आपण त्या समुद्रात प्लॅस्टिक आणि सेल सोडून आलो ही बोच मला आहे. पुढच्या खेपेला जितके उचलून आणता येतील तितके आणायचे, असं आम्ही ठरवलंय.

नऊ नंबरची लादी जूनच्या मध्याला वितळली. ते आकड्यांतच कळलं, एका दिवसात हालचाल बेबंद झाली, तीनचार सेकंदांच्या बारीक लाटाही दिसायला लागल्या. आता तो उघड्या पाण्यात होता. किनाऱ्याच्या प्रवाहाने त्याला सोरकापला वळसा घालून नेलं, आम्ही नांगर टाकला होता त्या होर्नसुंदच्या तोंडावरून, ईसफ्योर्डच्या समोरून, आणखी उत्तरेला. आमच्याच परतीच्या वाटेने, आठ आठवडे उशिरा.

मंगळवारी पहाटेचा त्याचा निरोप माझ्यासमोर आहे. प्रिन्स कार्ल्स फोरलँड या बेटाच्या पश्चिमेला, लाट ०.९ मीटर, सहा सेकंद, सेलचा विद्युतदाब कमी. त्यानंतरचा अर्ध्या तासाचा निरोप आला नाही, त्यानंतरचाही नाही.